पहिला घास कुत्र्याचा

होल्त्सगेर्लिंगेन
१८ ऑगस्ट २०२४

शर्वाणी बाळ,

आशीर्वाद आधी, बाकी सगळं मागाहून.

काल सकाळी पूजा आटोपून मी खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात गेलो, शिकारीचे बूट बाहेर काढले, जुन्या बनियनच्या चिंधीने त्यांना मेण चोळलं, नाड्या सोडून पुन्हा ओवल्या आणि बूट होते तिथेच ठेवून वर आलो. तुझी मामी जिन्यात उभी होती. म्हणाली, "अहो, घालायचे नव्हते तर चोळले कशाला?" मी म्हटलं, "शर्वाणीचं पत्र आलंय. तिला काय काय लागतं ते सांगायचं, तर आधी हाताला आठवायला नको का?"

कागदावर लिहिलंस हे शहाणपण केलंस. घरच्या ग्रुपवर लिहिलं असतंस तर सासवडला ताईच्या पहिल्या चहाआधी बातमी पोचली असती, की तिची लेक वाल्डॉर्फला कॉम्प्युटरची नोकरी करता करता शिकारीचा परवाना काढते आहे. सांगायचं तेव्हा तूच आईला सांग. मी तोंड उघडणार नाही.

तू विचारलंस, देवदेव करणारा माणूस या नादाला लागला कसा. अगं, देवामुळेच लागला. तुझ्या आजोळचं कुळदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला रोडगा आणि वांग्याचं भरीत, तळी उचलायची, आणि आपण जेवायच्या आधी देवाच्या कुत्र्याला घास. झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात डाय बनवायच्या कामावर आलो त्या वर्षी सगळं यथासांग केलं आणि घास घेऊन दारात उभा राहिलो. गावी असतो तर हाक मारायच्या आत चार कुत्री आली असती. इथे रस्त्यावर मोकळं कुत्रं औषधालाही नाही. तेवढ्यात शेजारचे किमर्ले आपल्या आस्टाला फिरवत आले. मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, माझ्या देवासाठी तुमच्या कुत्रीला भाकरी द्यायची आहे. त्यांनी भाकरीचा वास घेतला, कांदा आहे का विचारलं, कांदा कुत्र्याला विष असतो म्हणे, आणि मग म्हणाले, "आल्झो गुट, बरं तर. आस्टा तुझी भाकरी खाईल. पण शनिवारी तू माझी शिडी धरायला यायचं." ती शिडी होखझित्सची होती, म्हणजे रानातल्या मचाणाची. शिडी धरता धरता मीही वर चढलो. आमची फ्रीडा ही त्या आस्टाचीच नात.

आता सामान. दुकानदाराच्या हाती सापडलीस तर तो तुला झाडासारखी नटवून पाठवेल. आधी बूट घे, घोट्याच्या वर येणारे आणि पाणी न शिरणारे. घेतल्यावर काही दिवस घरात घालून हिंड, भाजी चिरतानासुद्धा. नवे बूट घालून रानात गेलेला माणूस हरणाकडे बघत नाही, टाचेकडे बघतो. मग जाकीट. ते डोळ्यांनी निवडू नकोस, कानांनी निवड. बाही बाहीवर घासून बघ, सळसळलं तर ठेव परत. चिकटपट्टीचे खिसे नकोतच. शांत रानात तो फर्रकन आवाज म्हणजे कीर्तनात शिंक. नंतर दुर्बीण, आणि ती चांगली. काचेला अंधुक उजेडातही नीट दिसलं पाहिजे. आपण बघतो खूप, गोळी झाडतो क्वचित, आणि जे स्वच्छ दिसलं नाही त्याच्यावर बंदूक रोखायची नाही. बंदुकीचा विचार परवाना मिळाल्यावर. पहिला हंगाम तर नुसतं बसून बघावं, असं किमर्ले म्हणतात.

पँटचे पाय मोज्यात खोच, गोचिडीपासून होणाऱ्या तापाची लस घे, आणि गोचीड चिकटलीच तर वर तेलाचा थेंब सोड, आपोआप सुटते.

मला रानात घेऊन चला म्हणतेस. सध्या नको. यंदा गोचिडी फार आहेत.

तुझा दीनामामा


वाल्डॉर्फ
३ सप्टेंबर २०२४

दीनामामा,

वाकून नमस्कार. खरोखरच वाकले आहे, बुटाची नाडी बांधते आहे.

बूट घालून भाजी चिरली, भांडी घासली, ऑफिसच्या मीटिंगा घरून केल्या, कॅमेऱ्यात पाय दिसत नाहीत. काल खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवून विचारलं, वर घोडा ठेवला आहे का. मी म्हटलं, शिकारीचा कोर्स आहे. त्या म्हणाल्या, "मग घोडा बरा."

जाकिटाच्या दुकानात मी डोळे मिटून बाही बाहीवर घासत उभी होते. दुकानदाराने विचारलं, थंडी वाजते का? मी कारण सांगितल्यावर त्याने स्वतः सात जाकिटं घासून दाखवली आणि शेवटी आतून लोकरीचं एक जुन्या पद्धतीचं काढलं, जे म्हणे आता फक्त आजोबा घेतात. अजिबात आवाज नाही. घेतलं.

एक चूक झाली. पानाफांद्यांची चित्रं असलेली टोपी घेतली आणि ऐटीत कोर्सला गेले. आमच्या बाई म्हणाल्या, "हरणापासून लपायचं, दुसऱ्या शिकाऱ्यापासून नाही." आता त्या टोपीवर भगवी म्हणावी इतकी नारिंगी पट्टी आहे. हाकाऱ्याच्या शिकारीत ती सगळ्यांनाच लावावी लागते. हरणाला ती झळझळीत दिसत नाही, माणसाला दिसते.

आणि मामा, एक तुमचं चुकलं. गोचिडीवर तेल सोडायचं नाही. ती गुदमरली की पोटातलं सगळं आपल्या रक्तात ओकते. बारीक चिमट्याने कातडीलगत धरायची आणि सरळ वर ओढायची. हा प्रश्न परीक्षेत येतो. तुम्ही तेव्हा पास कसे झालात?

आईला सांगितलंय की निसर्गाचा कोर्स करते आहे. तेवढं खरंच आहे.

ऑक्टोबरमध्ये तरी मला तुमच्या रानात न्या. थंडीत गोचिडी कमी होतात, हेही परीक्षेत येतं.

तुमची शर्वाणी


होल्त्सगेर्लिंगेन
१५ सप्टेंबर २०२४

शर्वाणी बाळ,

गोचिडीचं वाक्य तुझ्या मामीने मला तीनदा वाचून दाखवलं आणि आता फ्रीजवर चिकटवलं आहे. मान्य. आमच्या गावच्या शाळेत शिकवलेल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या निघाल्या, ही नाही निघाली.

आता सामानापेक्षा अवघड गोष्ट, वास. तू डोळ्यांपासून लपशील, नाकापासून कशी लपणार? माझ्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या मचाणापुढे एक ससा फिरकला नाही. किमर्लेंच्या मचाणापुढे मात्र हरणांची जत्रा. मला वाटलं देवाची परीक्षा आहे, मी आणखी भक्तीने पूजा करून जाऊ लागलो. एक दिवस किमर्लेंनी माझं जाकीट हुंगलं आणि म्हणाले, "दीना, तू रोज चर्चमधून येतोस का? माझी बायको कॅथलिक होती, तिच्या चर्चमध्ये असा वास यायचा." जाकीट देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर असायचं. रोज संध्याकाळी धूप झाला की निम्मा देवाला आणि निम्मा त्याला. "इथली हरणं प्रोटेस्टंट आहेत," किमर्ले म्हणाले. तेव्हापासून जाकीट बाल्कनीत टांगतो. तूही टांग. केसांना तेल लावून जाऊ नकोस आणि हिंगाच्या फोडणीचा डबा बरोबर नेऊ नकोस.

वारा बघायला कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात तांदळाची पिठी ठेव. चिमूटभर सोड. पिठी तुझ्या तोंडावर आली तर बस. समोर गेली तर मचाण बदल, नाहीतर घरी जाऊन झोप.

बसणं शिकावं लागतं. हलायचं झालं तर वाऱ्याने फांदी हलेल तेव्हा हल. मान वळवायची तर एखादा म्हातारा वळवतो तशी. मी मनात जप करतो, पण ओठ न हलवता.

बंदुकीचं तुझ्या बाई सांगतीलच, तरी माझंही ऐक. रिकामी आहे असं देवाने येऊन सांगितलं तरी भरलेली समज. शिडी चढताना रिकामी, उतरताना रिकामी. जनावराच्या मागे माती दिसली पाहिजे. मागे आकाश असेल तर बोट चापावरून बाहेर. गोळी कुठे थांबणार हे आधी ठरवायचं, कुठे लागणार ते नंतर. आणि गोळी झाडल्यावर धावत सुटू नकोस. जनावर उभं होतं ती जागा नजरेने धरून ठेव, थांब, मग जाऊन तिथे फांदी खोच. केस, रक्त, काय पडलंय ते बघ. रक्त फेसाळ असेल तर फुप्फुस, काळपट असेल तर यकृत. पुढचं काम आपलं नाही, कुत्र्याचं.

ऑक्टोबरमधलं बघू. किमर्लेंच्या डोळ्यांचं काहीतरी चाललं आहे.

तुझा दीनामामा


वाल्डॉर्फ
६ ऑक्टोबर २०२४

दीनामामा,

हे पत्र थोडं जड आहे, पण शेवटी नमस्कार आहे.

गेल्या आठवड्यात बाईंनी आम्हाला संध्याकाळी मचाणावर नेलं होतं. त्यांच्या एका पाहुण्याने नर हरणावर गोळी झाडली. लागली, पण हरिण उडी मारून काटेरी झुडपात गेलं. आमच्यातला एक जण लगेच निघाला तर बाईंनी त्याची बाही धरली. तुमचीच वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकली: थांबा, जागा धरा, फांदी खोचा. मी खोचली. रक्त काळपट होतं. बाईंनी कुत्र्यासाठी फोन लावायला सुरुवात केली. एक कुत्रा आजारी, एकाचा मालक सुट्टीवर. जो मिळाला तो सकाळी उजाडल्यावर येणार होता. ते जनावर तिथे कुठेतरी आहे आणि आम्ही घरी जातोय. मामा, त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सकाळी कुत्रा आला. माझ्या फांदीपासून नाक खाली घालून निघाला आणि दोरीमागून त्याचा मालक. हरिण फार लांब नव्हतंच. मेलं होतं. त्या माणसाने टोपी काढली, एक डहाळी तोडून हरणाच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून, आणि नुसता उभा राहिला. तुम्ही नैवेद्य दाखवून उभे राहता तसा. मला वाटलं होतं मी हे शिकणं सोडून देईन. उलट झालं. हे करायचं तर असं करायचं, असं वाटलं.

आता विचारते. आधी गोचीड, मग किमर्लेकाकांचे डोळे, मग 'बघू'. मी दर आठवड्याला पत्राची वाट बघते, त्यात सगळं असतं, फक्त 'ये' नसतं. मी मुलगी आहे म्हणून का? की आईला काय सांगाल म्हणून? तसं असेल तर तसं लिहा. मी रागावणार नाही. थोडी रागावेन.

नमस्कार.

शर्वाणी


होल्त्सगेर्लिंगेन
२० ऑक्टोबर २०२४

शर्वाणी बाळ,

तू मुलगी आहेस म्हणून नाही, ताईमुळेही नाही. मीच गेलेलो नाही. मागच्या उन्हाळ्यात फ्रीडा गेली तेव्हापासून मी मचाणावर चढलेलो नाही. तुला लिहिलं ते सगळं आठवणीतून. बूट चोळून परत ठेवले असं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, ते तुझ्या ध्यानात आलं नाही आणि मला बरं वाटलं.

फ्रीडा तू पाहिली नाहीस. डाकेल जातीची, खरखरीत केसांची, वीतभर पायांची. मामी तिला फ्रीडाबाई म्हणायची, कारण ती सोफ्यावर बसली की आम्हाला उठावं लागायचं. पण नाक असं की रात्रीच्या पावसानंतरही जखमी जनावराचा माग सोडायची नाही. रस्त्यावर गाडीखाली हरिण आलं की पोलीस तिच्यासाठी मला फोन करायचे.

देवाची म्हणून तिला घरात आणली होती. चंपाषष्ठीचा घास दरवर्षी तिचा. पण हळूहळू ती माझीच झाली गं. गेली तेव्हा मी देवावर रुसलो. अजून तिची वाटी स्वयंपाकघरात तशीच आहे, तळाशी शेवटचं खाणं वाळलेलं. धुवायला हात जात नाही आणि मामी माझ्यासाठी धुवत नाही. गेल्या चंपाषष्ठीला घास खिडकीत ठेवला तो कावळ्याने नेला. श्राद्धाला चाललं असतं. त्या दिवशी मला वाटलं, रुसलेल्या माणसाचा घास देव तरी कशाला घेईल.

आता उरलेलंही सांगतो. किमर्लेंचं रेव्हीर, म्हणजे शिकारीसाठी भाड्याने घेतलेलं रान, या वर्षी सुटायच्या बेतात आहे. जखमी जनावर शोधायला कुत्रा नसेल तर बंदूक घेऊन जायचं नाही, हा इथला नियमही आहे आणि त्यांचा धर्मही. दुसऱ्याच्या कुत्र्यावर विसंबणार नाही म्हणतात, आणि ते का म्हणतात ते तू आता पाहिलंसच. त्यांना या वयात, या डोळ्यांनी पिल्लू वाढवणं होणार नाही. मला म्हणाले, "दीना, तू कुत्रा आणलास तर मी रान ठेवतो. नाहीतर मार्चमध्ये सोडतो." नागोल्डच्या बाजूला एक बाई फ्रीडाच्याच रक्ताची पिल्लं वाढवतात. एक पिल्लू त्यांनी माझ्यासाठी मार्टिनीपर्यंत, म्हणजे अकरा नोव्हेंबरपर्यंत, राखून ठेवलं आहे. मी त्याला बघायला गेलेलो नाही. बघितलं तर संपलंच.

तुझी जागा त्याच रानात होती. ते मी तुला आधी सांगायला हवं होतं.

दीनामामा


वाल्डॉर्फ
२५ ऑक्टोबर २०२४

दीनामामा,

रागावलेली नाही. बूट चोळून परत ठेवले हे मी खरंच वाचून सोडून दिलं होतं. माग काढण्यात मला फ्रीडाबाईंच्या नखाचीही सर नाही.

मी पिल्लाबद्दल काहीच बोलणार नाही. मी फक्त एका नवशिक्याला सल्ला देते, मला एका जाणकाराने दिलेला. आधी बूट, घरात घालून हिंडा, भाजी चिरतानासुद्धा. मग जाकीट, बाल्कनीत असेलच. मग नुसतं बसून बघावं. बंदूक नको, कुत्रा नको, काही ठरवायला नको.

पाडव्याला मी सुट्टी टाकून येते आहे. करंडा आणि पिठी माझ्याकडे आहे. किमर्लेकाकांना शिडी धरायला सांगा.

शर्वाणी


वाल्डॉर्फ
५ नोव्हेंबर २०२४

दीनामामा,

कालपासून एकटीच हसते आहे. शेजारच्या टेबलावरच्या प्रणवने विचारलं काय झालं.

मला एवढं शिकवलंत, मान म्हाताऱ्यासारखी वळवायची, ओठ न हलवता जप करायचा, आणि मचाणावर बसून जरा वेळ झाला नाही तोच तुम्ही घोरायला लागलात. मामा, ती हरिणी आपल्या पाडसाला घेऊन खाली अगदी समोर आली होती. मला तुम्हाला उठवताही येईना आणि हलताही येईना. ती वर बघायची, तुमचं घोरणं ऐकायची आणि परत चरायची. बहुतेक तिला वाटलं असावं, हा आवाज करणारा प्राणी निरुपद्रवी आहे. उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "मी झोपलो नव्हतो, डोळ्यांना विसावा देत होतो." किमर्लेकाकांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. म्हणजे, सांगितलं.

खरं सांगू का, तुम्ही बऱ्याच दिवसांनी असे गाढ झोपलात असं मामी म्हणाली.

आणि भाऊबीजेच्या व्हिडिओ कॉलवर आईला माझे चिखलाचे बूट दिसले ते एका परीने बरंच झालं. "काय गं, कुठे लोळलीस?" आणि तुम्ही मान फिरवलीत, पण ती हरणासारखी. मग सांगावंच लागलं. मला वाटलं आता भूकंप. तर आई म्हणाली, "आपला देव घोड्यावर बसून कुत्रा घेऊन शिकारीलाच जातो की. तू काय वेगळं करतेस? फक्त मारशील ते वाया घालवू नकोस, आणि दीनाला म्हणावं, घरात कुत्रा नाही हे मला आवडलेलं नाही." तुम्ही तेव्हा चहा आणायला गेलात. चहा तर समोरच होता.

परीक्षा नेमकी चंपाषष्ठीच्या दिवशी आहे, म्हणून मला येता येणार नाही. मार्टिनी पुढच्या सोमवारी आहे. मी विचारणार नाही असं ठरवलं आहे. हे विचारणं नाही.

शर्वाणी


होल्त्सगेर्लिंगेन
८ डिसेंबर २०२४

वाइडमान्सहाइल, शर्वाणी.

आता तू पास झालीस, आता शिकाऱ्याने शिकाऱ्याला म्हणायचं ते तुला म्हणता येतं. काल फोनवर तू सांगितलंस तेव्हा मामी रडली आणि आमची लेक स्पृहा आपल्या जर्मनमध्ये ओरडली ते तू ऐकलंसच. त्यामागे आणखी एक आवाज होता आणि मामी म्हणाली टीव्ही आहे. टीव्ही नव्हता. खोटं बोलायला तिला मीच खुणावलं, चंपाषष्ठीच्या दिवशी. देव बघून घेईल. मला हे तुला लिहूनच सांगायचं होतं.

मार्टिनीला मी नागोल्डच्या बाईंना फोन करून नको म्हणून कळवलं होतं. तुझी परीक्षा तोंडावर होती, शिवाय लाज वाटली, म्हणून लिहिलं नाही. किमर्लेंना कुंपणाशी सांगितलं. ते "बरं, बरं" म्हणाले, टोमॅटोची वाळलेली रोपं उपटत राहिले. माझ्यावर चिडले असते तर सोपं गेलं असतं.

काल सकाळी रोडगा भाजला, मामीने भरीत केलं. मी, मामी आणि स्पृहाने तळी उचलली, येळकोट म्हटलं, भंडारा उधळला. तो काढायला मामीला आता दोन दिवस लागतील. मग घास घेऊन दार उघडलं आणि पहिल्या वर्षी उभा होतो तसाच उभा राहिलो. समोर झाडून काढलेला रस्ता. खिडकीत ठेवायचा तर कावळा टपून बसलेलाच. मागून स्पृहा म्हणाली, "पापा, भाकरी गार होते आहे, आणि मला भूक लागली आहे." मनात आलं, एकदा शेजाऱ्याची कुत्री उसनी घेतली होती, आज नागोल्डचं पिल्लू का नको? घास द्यायचा आणि परत यायचं. ते तिथे आहे की गेलं हेही मला माहीत नव्हतं.

घास फडक्यात बांधून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला. पूजेला गारठा म्हणून तेच घातलं होतं, धुपाचा पुरता वास लागलेला. गाडी काढत होतो तर किमर्ले जेवायला येत होते, दरवर्षीसारखे. मी म्हटलं, जरा नागोल्डला जाऊन येतो. त्यांनी पुढचं दार उघडलं, बसले आणि पट्टा लावला. वाटेत आम्ही हवेबद्दल बोललो.

बाई दारात आल्या. "तुम्ही तर नको म्हणाला होतात." मी म्हटलं, "हो. मी फक्त भाकरी द्यायला आलोय." त्यांनी किमर्लेंकडे पाहिलं. किमर्ले गंभीरपणे म्हणाले, "कांदा नाही. मी गाडीत वास घेतला आहे."

पिल्लू होतं. शेपटीला मधेच एक गाठ, म्हणून कुणी पसंत केलं नव्हतं. मी अंगणात उकिडवा बसलो आणि फडकं सोडलं. त्याने घास खाल्ला, फडकं चाटलं, माझा तळहात चाटला, आणखी नाही हे त्याच्या लक्षात आलं. मग नाक जमिनीला लावलं आणि निघालं. मी उठून बाईंना नमस्कार केला, आता निघतो म्हणालो, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. पिल्लू मी आलो त्याच वाटेने उलटं चाललं होतं. फरशीवरून, मग गवताच्या कडेने, कारण मी येताना डबकं टाळायला तिथून वळलो होतो, मग फाटकाखालून बाहेर. गाडीपाशी जाऊन माझ्या बाजूच्या दाराखाली ते बसलं आणि एकदाच भुंकलं. त्याला माग काढायला अजून कुणी शिकवलेलं नाही. किमर्लेंना एवढ्या लांबचं दिसत नाही. त्यांनी विचारलं, "कुठे गेला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर," आणि जाऊन गाडीत बसले, या खेपेला मागच्या सीटवर. पुढची रिकामी ठेवली.

मी दार उघडलं. बाईंकडे कागद तयारच होते, त्यांनी ते फाडले नव्हते.

परत येईपर्यंत ते पुढच्या सीटवर माझ्या जाकिटात झोपलं, धुपाच्या वासात. स्पृहा उपाशी बसली होती म्हणून आम्ही लगेच जेवलो. आधी त्याच्या कपाळाला भंडारा लावला, तर ते शिंकलं आणि किमर्लेंच्या पांढऱ्या शर्टावर पिवळे ठिपके पडले. ते म्हणाले राहू दे. मार्चमध्ये रान सोडणार नाहीत, हे त्यांनी भरीत वाढून घेताना सांगितलं, जणू मीठ मागत होते. तुझी जागा पक्की. जानेवारीत ये, पण लक्षात ठेव, पहिला हंगाम नुसतं बसायचं. मी जागा राहीन.

या वेळच्या पिल्लांची नावं म वरून ठेवायची आहेत. स्पृहाने म्हाळसा सुचवलं, तिला सांगितलं देवीचं नाव ठेवलंस तर आत्या विमानाने येईल, शिवाय तो नर आहे. त्याचं नाव मोती. आमच्या गावी प्रत्येक दुसऱ्या कुत्र्याचं तेच असतं आणि किमर्लेंना ते म्हणताही येतं. बूट आता केलरमध्ये नाहीत, दाराशी असतात. डाव्याची नाडी मोतीने खाल्ली आहे.

फ्रीडाची वाटी आज सकाळी मी धुतली आणि पाणी भरून तिच्याच जागी ठेवली.

तुझा दीनामामा